'सांडल्यास पुसावे' : महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील सुरक्षासूचनांच्या भाषेची चिकित्सा

विषयप्रवेश

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत दाराजवळच्या भिंतीवर सहसा सुरक्षासूचनांचा एक फलक लावलेला असतो. तशाच सूचना प्रयोगपुस्तिकेच्या आरंभीच्या पानांवर छापलेल्या असतात आणि वर्षाच्या सुरुवातीला विद्यार्थी त्या आपल्या जर्नलमध्ये उतरवून घेतात. रसायन सांडले तर काय करायचे हे सांगणारी दोन-तीन वाक्ये त्यांत असतात. मराठी समीक्षेने पोवाड्यापासून जाहिरातीपर्यंत नाना प्रकारच्या लेखनाची दखल घेतली; या वाक्यांकडे मात्र लेखन म्हणून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. ती रसायनशास्त्राच्या शिक्षकांची बाब समजली गेली आणि रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी ती छापखान्याची बाब समजली. वास्तविक ज्या वाक्याच्या अचूकपणावर एखाद्याची दृष्टी किंवा फुप्फुसे अवलंबून आहेत, असे वाक्य महाविद्यालयाच्या आवारात याखेरीज क्वचितच लिहिले जाते.

प्रस्तुत लेखात या सूचनांचा विचार एक लेखनप्रकार म्हणून केला आहे. त्यांतील रसायनशास्त्र बहुधा बरोबर असते. दोष आढळतो तो वाक्यरचनेत, शब्दनिवडीत आणि मुख्यतः संबोधनात. सूचना कोणाला उद्देशून आहे हेच तिच्यात नसते, आणि प्रत्यक्षात सांडलेले रसायन ज्याच्या वाट्याला येते त्याच्याशी ती बोलतच नाही. कोणत्याही एका संस्थेच्या कारभारावर टिप्पणी करण्याचा येथे हेतू नाही. विचार आहे तो रूढ झालेल्या एका साच्याचा.

हा साचा मुंबईच्या उपनगरांत तपासणे सोयीचे आहे. अंधेरीचे भवन्स (१९४६), घाटकोपरचे झुनझुनवाला (१९६३), मुलुंडचे वझे-केळकर (१९८४) ही महाविद्यालये उपनगरांच्या वाढीबरोबर उभी राहिली. पवईची आयआयटी किंवा कलिन्याचे विद्यापीठ संकुल यांच्यासारखी ऐसपैस जागा उपनगरांतील बहुतेक महाविद्यालयांच्या नशिबी नाही. ती आडवी न पसरता उभी वाढली. विज्ञानशाखा वरच्या मजल्यावर, खाली कनिष्ठ महाविद्यालयाची गर्दी, भिंतीपलीकडे गृहनिर्माण संस्था आणि चार पावलांवर रेल्वे स्थानक, ही मांडणी सर्वांच्या परिचयाची आहे. अशा ठिकाणी पाचशे मिलिलिटरची एक बाटली फुटली तरी ती केवळ एका टेबलाची घटना राहत नाही.

विध्यर्थाची अडचण

मराठी सूचनांचा सर्वसाधारण नमुना असा असतो : आम्ल सांडल्यास त्यावर सोडा टाकावा, फरशी पुसून घ्यावी, खिडक्या उघडाव्यात, शिक्षकांस कळवावे. वाक्ये शुद्ध आहेत, सुटसुटीत आहेत आणि वरवर पाहता त्यांत काही उणे नाही. परंतु सोडा टाकावा कोणी? ज्याच्या हातून बाटली सुटली त्या विद्यार्थ्याने, की शेजारच्याने, की शिक्षकांनी, की दुसऱ्या खोलीत परीक्षानळ्या धूत असलेल्या परिचराने? चारही क्रिया चौघांच्या असू शकतात आणि एकाच्याही असू शकतात. वाक्य त्याविषयी मौन पाळते.

हे मौन मराठी व्याकरणाने उपलब्ध करून दिले आहे. विध्यर्थी क्रियापदाला कर्ता लागतो, पण तो उच्चारला नाही तरी वाक्य अपुरे वाटत नाही. शिवाय या रूपाचे अर्थ अनेक. शालेय व्याकरणातही कर्तव्य, योग्यता, शक्यता आणि इच्छा असे त्याचे निरनिराळे उपयोग शिकवले जातात. 'पाऊस पडावा' हेही विध्यर्थी आणि 'आम्ल पुसावे' हेही विध्यर्थीच. एकात इच्छा आहे, दुसऱ्यात कर्तव्य असल्याचे मानले जाते. मात्र कर्ता नसलेले कर्तव्य वाचणाऱ्याच्या मनात हळूहळू इच्छेच्या जवळ सरकते. फलकावरील वाक्य मग कोणीतरी करावे अशा सदिच्छेसारखे वाचले जाते, आणि कोणीतरी म्हणजे आपण नव्हे.

येथे एक आक्षेप संभवतो. मराठीतील पाककृती याच रूपात लिहिल्या जातात. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (१९७०) हाताशी धरून स्वयंपाक शिकलेल्या पिढ्यांना तेल तापवावे कोणी, असा प्रश्न कधी पडला नाही. आक्षेप योग्य आहे, आणि त्यातच उत्तरही आहे. पाककृती वाचणारी व्यक्ती आणि ती करणारी व्यक्ती एकच असते. ओट्यापाशी बहुधा ती एकटीच असते. आणि पुस्तक उघडे ठेवून एकेक कृती करण्याइतका अवकाश तिला असतो. प्रयोगशाळेतील अपघातात या तिन्ही गोष्टी नाहीत. तेथे अनेक माणसे आहेत, वाचणारा आणि करणारा वेगळा आहे, आणि वाचायला वेळ नाही. फोडणीचे व्याकरण अपघाताला लावल्यामुळे हा घोटाळा झाला आहे.

उपनगरी रेल्वेची उद्घोषणा या बाबतीत अधिक शहाणी म्हणावी लागेल. रूळ ओलांडू नये हे सांगताना ती 'प्रवाशांनी' हा शब्द गाळत नाही. घाटकोपरच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला आपण प्रवासी आहोत एवढे निश्चित ठाऊक असते. उद्घोषणा त्याला त्या नावाने गाठते. तो ऐकतो किंवा ऐकत नाही, हा पुढचा भाग.

'नये' आणि 'नका' यांतील फरकही लक्षात घेण्याजोगा आहे. 'जवळ जाऊ नये' हे सर्वांना सांगितलेले तत्त्व आहे. 'जवळ जाऊ नका' हे समोरच्याला सांगितलेले वाक्य आहे. संकटात माणूस दुसऱ्या प्रकारचे वाक्य ऐकतो. छापील सूचनांना पहिल्याचा सोस आहे, कारण ते भारदस्त दिसते.

सांडणे, गळणे आणि सांडणीस्वार

परिभाषेची अवस्थाही फार वेगळी नाही. सांडलेल्या रसायनाच्या घटनेला मराठीत सर्वमान्य नाम नाही. 'सांडणी' म्हणावे तर उंटीण आणि तिच्यावरचा निरोप्या आठवतो. 'सांडलवंड' घरगुती आहे, आणि त्यात दूध-पाण्याच्या नासाडीचा सूर आहे. त्यामुळे वृत्तपत्रांनी आणि शासकीय कागदपत्रांनी 'गळती' हा शब्द सरसकट वापरला. पण गळती चालू असते; ती थांबवायची असते. सांडणे होऊन गेलेले असते. ते पसरू द्यायचे नसते. पहिल्यात लक्ष भांड्याकडे हवे, दुसऱ्यात माणसांकडे आणि फरशीच्या उताराकडे. एकाच शब्दाने दोन्ही सांगितल्यावर कृतीतही गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

'आम्ल सांडले' या नित्याच्या वाक्यातही कर्ता निसटतो. सांडणारे आम्लच, जणू ते स्वतःच्या मर्जीने बाटलीतून उतरले. दंडाची भीती असलेला विद्यार्थी हेच वाक्य बोलतो, आणि त्याचा उपयोग त्याला कळतो. दोष कोणाचा हे दडवण्याच्या नादात काय सांडले, किती सांडले आणि केव्हा सांडले हेही दडवले जाते. अपघातानंतर पहिल्या दोन मिनिटांत नेमकी हीच तीन उत्तरे लागतात. जेथे फुटलेल्या काचसामानाची भरपाई विद्यार्थ्याकडून घेण्याची पद्धत आहे, तेथे ती उत्तरे उशिरा मिळाली तर नवल नाही.

'संहत' आणि 'विरल' हे शब्द मराठी शालेय पुस्तकांनी रुजवले. पदवीवर्गात ते मागे पडतात आणि प्रयोगशाळेत 'कॉन्स' व 'डायल्यूट' चालतात. याविषयी खंत करण्याचे कारण नाही. बाटलीवर जो शब्द आहे तोच सूचनेत असावा एवढीच अपेक्षा. बाटलीवर एक, फलकावर दुसरा आणि तोंडी तिसरा अशी स्थिती असेल तर शुद्ध परिभाषाही अपघाताला हातभार लावते.

उसनी प्रयोगशाळा

सूचनांचा मजकूर कोठून येतो हे पाहिले की आणखी काही गोष्टी उलगडतात. रसायनांबरोबर येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकाची रचना आता आंतरराष्ट्रीय पद्धतीने सोळा विभागांची असते. त्यांतील सहावा विभाग रसायन अपघाताने बाहेर पडल्यास करावयाच्या उपायांचा. तो इंग्रजीत असतो, आणि ज्या प्रयोगशाळेची कल्पना करून तो लिहिलेला असतो तिथे चालू स्थितीतील धूरकक्ष, डोळे धुण्याचे कारंजे, अंगावर पाण्याचा लोंढा सोडणारी साखळी, शोषक पदार्थांची पेटी आणि दूरध्वनी केल्यावर येणारे प्रशिक्षित पथक या गोष्टी गृहीत असतात. भारतीय मानक ब्यूरोची रासायनिक प्रयोगशाळांतील सुरक्षेविषयीची संहिताही आहे. तिची १९८७ ची आवृत्ती उपलब्ध आहे. ज्ञानाचा अभाव कधीच नव्हता. अभाव आहे तो त्या ज्ञानाचे आपल्या खोलीत भाषांतर करण्याचा, आणि हे भाषांतर केवळ शब्दांचे नव्हे.

उदाहरणादाखल 'हातमोजे घालावेत' ही सूचना घ्यावी. हातमोजे कशाचे? अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या प्राध्यापिका कॅरन वेटरहान यांच्या हातावर ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथिल मर्क्युरीचे काही थेंब पडले. त्यांनी लॅटेक्सचे हातमोजे घातले होते. तो द्रव अशा हातमोज्यातून काही सेकंदांत आरपार जातो हे नंतरच्या चाचण्यांतून कळले. जून १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या पाऱ्याच्या संयुगांच्या घातकतेशी परिचित असलेल्या शास्त्रज्ञ होत्या आणि त्यांनी प्रचलित सूचना पाळली होती. सूचनेतील नाम अपुरे होते. उपनगरातील पदवीवर्गात ते संयुग येणार नाही हे खरे, पण ॲसिटोन, बेंझीन, संहत नायट्रिक आम्ल येतातच, आणि या सर्वांना एकच पातळ हातमोजा पुरत नाही.

पाण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. संहत सल्फ्युरिक आम्ल अंगावर पडले तर ताबडतोब भरपूर वाहते पाणी, निदान पंधरा मिनिटे, हा निर्विवाद उपाय. तेच आम्ल फरशीवर पडले तर त्यावर पाण्याची बादली ओतणे घातक, कारण उष्णता निर्माण होऊन थेंब उडतात आणि आम्ल पसरते. तेथे कोरडी वाळू, मग थोडा थोडा सोडा. एकच पाणी, एकच आम्ल, आणि दोन परस्परविरुद्ध आज्ञा. फलकावर या दोन आज्ञा क्रमांक चार आणि क्रमांक नऊ अशा वेगवेगळ्या ठिकाणी असतील, तर घाबरलेल्या माणसाला त्यांतील एकच आठवेल. कोणती, हे दैवावर. त्या शेजारी शेजारी, एकमेकींच्या विरोधात लिहिणे हे संपादनाचे काम आहे. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

लाकडाच्या भुश्याबाबतही हेच. तेल सांडले तर भुसा चालतो, म्हणून तो सर्वत्र चालतो असा समज आहे. संहत नायट्रिक आम्लावर भुसा टाकला तर तो पेट घेऊ शकतो आणि तपकिरी वायू निघतो. तो वायू हुंगलेल्या माणसाला लगेच विशेष त्रास होत नाही; काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी साचते. तोवर तो लोकल पकडून बोरिवलीला किंवा डोंबिवलीला घरी पोहोचलेला असतो, आणि रात्री त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांपुढे दुपारच्या घटनेचा उल्लेखही होत नाही. सांडलेले पुसले म्हणजे घटना संपली, ही समजूत फलकाच्या शेवटच्या ओळीतून तयार होते. 'घरी काय सांगायचे' ही ओळ तेथे नसते.

याउलट ब्रोमीन सांडले तर लागणारा हायपो आयोडीनच्या अनुमापनांसाठी पदवीच्या प्रयोगशाळेत नेहमीच तयार असतो. खाण्याचा सोडा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतो. म्हणजे पेटी आयात करण्याची आवश्यकता नाही. काय कोणत्या कपाटात आहे एवढे लिहिण्याची आहे.

'नाल्यात जाऊ देऊ नये' हे वाक्य माहितीपत्रकांत फार वेळा येते. उपनगरात त्याला भूगोल आहे. मुलुंड, भांडुप, घाटकोपरचे पाणी ठाण्याच्या खाडीकडे जाते, आणि ती खाडी २०२२ पासून रामसर यादीतील पाणथळ क्षेत्र आहे. पश्चिमेकडे पोईसर, ओशिवरा, दहिसर या नद्या आहेत, ज्यांना तेथील रहिवासीही सवयीने नाला म्हणतात. बेसिनमध्ये ओतलेले आणि वर नळ सोडलेले द्रावण कोठे जाते हे विद्यार्थ्याला सांगितले, तर ते वाक्य कदाचित वाचले जाईल.

खिडक्यांचा प्रश्नही स्थानिक आहे. १९ सप्टेंबर २०१९ च्या रात्री चेंबूर, घाटकोपर, पवई, मुलुंड, अंधेरी अशा दूरदूरच्या भागांतून वायूच्या उग्र वासाच्या तक्रारी अग्निशमन दलाकडे आल्या; ६ जून २०२० च्या रात्री तसेच घडले. त्या रात्री घरोघरी पडलेला पहिला प्रश्न खिडकी उघडावी की लावावी हा होता. वास आतला असेल तर उघडायची, बाहेरचा असेल तर लावायची. 'खिडक्या उघडाव्यात' असे वर्षानुवर्षे अटीविना वाचलेल्या पदवीधरालाही यातला भेद ठाऊक असेल अशी खात्री देता येत नाही. शिवाय महाविद्यालयाच्या खिडकीखाली सोसायटीची खिडकी असते.

'मामा, इथे सांडलंय'

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. लिखित सूचनेत नसलेला कर्ता प्रयोगशाळेच्या बोलीत मात्र स्पष्टपणे हजर असतो. काही सांडले की विद्यार्थी फलकाकडे पाहत नाही. तो हाक मारतो. 'मामा, इथे सांडलंय.' हे मामा म्हणजे प्रयोगशाळा परिचर. नात्याचा शब्द आहे, त्यात आपुलकीही आहे. पण या हाकेत एक संपूर्ण व्यवस्था सामावलेली आहे. सांडणारा एक आणि पुसणारा दुसरा, हे ठरून गेले आहे. सूचना लिहिणाऱ्यालाही ते माहीत असते, म्हणूनच त्याला कर्ता लिहिण्याची गरज भासत नाही. विध्यर्थाच्या रिकाम्या जागी मामा उभे असतात.

ही व्यवस्था उघडपणे लिहिली गेली तर तिच्याबरोबर काही प्रश्न उघडपणे विचारावे लागतील. परिचरांना सोळा विभागांचे माहितीपत्रक कोणी वाचून दाखवले आहे काय? त्यांच्या मापाचे हातमोजे आहेत काय? त्यांना नकार देण्याचा अधिकार आहे काय? फलक विद्यार्थ्यासाठी, जर्नल विद्यार्थ्यासाठी, तोंडी परीक्षेतील प्रश्नही विद्यार्थ्यासाठी. ज्याला दिवसाच्या अखेरीस झाडू घेऊन त्या फरशीवर उतरायचे आहे, त्याच्यासाठी या सगळ्या लेखनात एक ओळ नसते. परिचराचे पद रिक्त राहिले आणि काम कंत्राटी सफाई कामगाराकडे गेले, तर अंतर आणखी वाढते. बाटलीत काय होते हे परिचराला निदान अनुभवाने माहीत असते. आज आलेल्या कामगाराला ते कळण्याचा मार्गच नाही.

परिचरांच्या ज्ञानाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. कोणत्या बाटलीचे बूच सैल आहे, पावसाळ्यात कोणत्या कपाटातील चिठ्ठ्या गळून पडतात, कोणता नळ अडतो, हे त्यांना इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक असते आणि ते कोठेही नोंदलेले नसते. पण तुटलेल्या तापमापकातील पारा झाडूने गोळा करण्याची सवयही याच मौखिक परंपरेतून आलेली आहे. झाडूने पाऱ्याचे थेंब फुटून बारीक होतात, फटींत जातात आणि बंद खोलीत दीर्घकाळ वाफ सोडत राहतात. थेंब जाड कागदाने एकत्र करून ड्रॉपरने उचलणे आणि फटींवर गंधकाची पूड टाकणे, ही माहिती सोपी आहे. ती पुस्तकात राहिली आणि झाडू हातात राहिला. पाऱ्याचा थेंब तळहातावर खेळवण्याचा विद्यार्थ्यांचा जुना छंद याच अज्ञानाचा दुसरा, जरा सुशिक्षित, अवतार.

न लिहिलेल्या कर्त्याची किंमत

पूर्व उपनगरांतच, तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात, २९ डिसेंबर २००९ रोजी एका रसायन प्रयोगशाळेला आग लागून दोन तरुण संशोधक मृत्युमुखी पडले. त्या प्रयोगशाळेत किरणोत्सारी द्रव्य नव्हते. नेमक्या एक वर्षापूर्वी, २९ डिसेंबर २००८ रोजी, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत हवेच्या संपर्काने पेटणाऱ्या द्रवाची सिरिंज सुटली आणि तेवीस वर्षांच्या संशोधन सहायिकेच्या अंगावरील कृत्रिम धाग्याच्या स्वेटरने पेट घेतला. अंगात प्रयोगशाळेचा कोट नव्हता. अंगावर पाणी सोडण्याची सोय असूनही ती त्या क्षणी वापरली गेली नाही. अठरा दिवसांनी तिचा मृत्यू झाला. अमेरिकेत १९९० पासून प्रयोगशाळांसाठी स्वतंत्र नियम आहे. रसायनसुरक्षेचा लेखी आराखडा आणि त्यासाठी जबाबदार असलेली नेमकी व्यक्ती या दोन्ही गोष्टी तो मागतो. तो नियम अपघात टाळू शकला नाही. पण कर्ता लिहिलेला असल्यामुळे पुढे जबाबदारीचा प्रश्न न्यायालयात विचारता आला. २०११ मध्ये विद्यापीठावर आणि संबंधित प्राध्यापकावर फौजदारी आरोप ठेवले गेले आणि त्याचा शेवट तडजोडींत झाला. यातील एक बारकावा दुर्लक्षित राहतो : मृत तरुणी नोकरीत होती म्हणून कामगारांसाठीचा तो नियम तिला लागू पडला.

भारतात भोपाळच्या दुर्घटनेनंतर कारखाने अधिनियमात १९८७ साली घातलेल्या प्रकरणाने घातक प्रक्रियेतील कामगाराला माहितीचा आणि धोक्याची सूचना देण्याचा हक्क दिला. परंतु त्या अधिनियमातील 'कारखाना' या शब्दाच्या व्याख्येत महाविद्यालयाची प्रयोगशाळा बसत नव्हती. तेच आम्ल तारापूरच्या कारखान्यात हाताळणाऱ्या कामगाराला जो हक्क मिळाला, तो विलेपार्ल्याच्या परिचराला मिळाला नाही.

दिल्लीची २०१० सालची घटना रासायनिक नव्हे, किरणोत्साराची आहे. तरी या विषयाशी तिचा संबंध निकटचा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील, १९८५ पासून वापरात नसलेले गॅमा किरणांचे उपकरण भंगार म्हणून लिलावात विकले गेले. त्यातील कोबाल्ट-६० मायापुरीच्या भंगार बाजारात फोडला गेला. अनेक जण आजारी पडले. एका कामगाराचा मृत्यू झाला. विद्यापीठात त्या उपकरणाचा धोका समजणाऱ्या विद्वानांची वाण नव्हती. परंतु समजणारा आणि हाताळणारा यांच्यामधल्या साखळीत ते ज्ञान कोठेच लिहिले गेले नाही, आणि परिणाम झाला तो शेवटच्या कडीवर.

मुंबईतही त्याच वर्षी, १४ जुलै २०१० च्या पहाटे, शिवडीला बंदराच्या आवारात क्लोरिनच्या सिलिंडरमधून गळती झाली. बेवारस पडलेले ते सिलिंडर १९९७ पासून तेथेच होते. शंभराहून अधिक लोकांना बाधा झाली. त्यांत जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थी होते आणि मदतीस धावलेले अग्निशमन दलाचे जवानही. तेरा वर्षे त्या सिलिंडरांविषयी कोणीतरी काहीतरी 'करावे' असेच सर्वांना वाटत असणार.

प्रयोगशाळांच्या कपाटांत असे लहान लहान सिलिंडर पुष्कळ असतात : चिठ्ठी गेलेल्या बाटल्या, निवृत्त प्राध्यापकांच्या संशोधनाचे अवशेष, रॉकेल आटत चाललेला सोडियम. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यावरच्या कपाटात सोडियम ठेवू नका, हा नियम कोणत्याही परदेशी पुस्तकापेक्षा त्या दिवसाने अधिक स्पष्टपणे सांगितला असता; सूचनाफलकांवर तो उतरला तर बरे.

कर्त्यासह सूचना

पर्यायी सूचना कशी असेल? तिचे पहिले वाक्य पुसण्याविषयी नसेल. ते असे असू शकेल : 'ज्याने पाहिले त्याने मोठ्याने सांगा : काय सांडले, कोठे सांडले.' दुसरे विद्यार्थ्यांना : 'बर्नर बंद करा आणि दाराबाहेर व्हा. पुसू नका.' तिसरे शिक्षकांना : पुसायचे की खोली सोडायची हा निर्णय त्यांचा, आणि बाटली ओळखता येत नसेल तर खोली सोडायची. ईथरसारखे ज्वलनशील द्रव असेल तर पंख्याच्या किंवा दिव्याच्या बटणाला हात लावू नका, कारण ठिणगी तेथेही असते. परिचराचे नाव यानंतर, आणि त्याच्या वाक्यात आज्ञेच्या आधी अट : शिक्षकांनी रसायनाचे नाव सांगितल्याशिवाय आणि त्या रसायनाला चालणारे हातमोजे, चष्मा हाती आल्याशिवाय त्याने फरशीला हात लावू नये. येथे 'नये' शोभते, कारण कर्ता सांगून झाला आहे आणि तो त्याच्या बाजूने वापरला आहे.

दूरध्वनीची ओळही स्थानिक हवी. १०१ हा अग्निशमन दलाचा क्रमांक बहुतेकांना पाठ असतो. महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ तितका नसतो. भाजलेल्या व्यक्तीला कोठे न्यायचे हे मुलुंडच्या आणि अंधेरीच्या महाविद्यालयाला सारखेच लिहून चालणार नाही. मुलुंडहून पूल ओलांडला की ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर आहे. अंधेरीहून संध्याकाळी सहा वाजता तेथे जाणे ही वेगळीच गोष्ट. छापील फलकावर रुग्णालयाची जागा कोरी ठेवून भरण्यास दिली, तर ती वर्षानुवर्षे कोरीच राहण्याचा धोका आहे. ती छापूनच द्यावी लागेल, प्रत्येक महाविद्यालयाची वेगळी.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप उरतो. परिचराचे नाव लेखी सूचनेत आले तर आजवर रूढीने चाललेली सक्ती नियमाने पक्की होईल, आणि दुर्घटनेनंतर दोषही त्याच्याच माथी मारला जाईल. हा धोका काल्पनिक नाही. त्यावर उपाय एवढाच की सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट कर्ता विभागप्रमुख असला पाहिजे : साहित्य पुरवण्याचा कर्ता, दर सहामाहीला कपाट तपासण्याचा कर्ता आणि प्रत्येक नव्या कामगाराला, कंत्राटी असला तरी, बाटल्यांवरील चिन्हे दाखवण्याचा कर्ता. लाल किनारीच्या चौकटीतील ज्वाळा, कवटी आणि हातावर पडणारे थेंब ही आंतरराष्ट्रीय चिन्हे अक्षरांवर अवलंबून नाहीत. उपनगरांतील सफाई कामगार मराठीच वाचतील असे धरता येत नाही; हिंदी, गुजराती, तेलुगू बोलणारे त्यांत आहेत आणि काहींना वाचताच येत नाही. त्यांच्यासाठी फलकाचा मराठी अनुवाद पुरेसा नाही. कोणीतरी त्यांच्यासोबत दहा मिनिटे कपाटासमोर उभे राहिले पाहिजे, आणि त्या व्यक्तीचे नाव सत्राच्या आरंभी सूचनावहीत लिहिलेले असले पाहिजे.